हिमानीचा उतार आणि घरची संमति

वऱ्हाडांत बर्फाची ओळख उन्हाळ्यांतील पन्ह्यापुरती. चिखलदऱ्यास थंडी कितीही पडली तरी हिमाचे थर कांहीं सांचत नाहींत. तथापि अलीकडे अमरावती-अकोल्याकडील तरुण मंडळी हिवाळ्यांत काश्मिरांत गुलमर्गास जातात व पायांस लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरण्याची विद्या, म्हणजे स्कीइंग, शिकतात. पुढें त्यांपैकीं कांहींचें मन आंखलेली वाट सोडून मोकळ्या डोंगराकडे धांव घेतें. अशा वेळीं घरच्या वडिलांनीं काय करावें, याचा विचार या वेळीं आम्ही करणार आहों.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत या गोष्टीवरून आजोबा व नातू यांच्यांत अबोला धरला गेला. आजोबा म्हणाले, “जायचें नाहीं.” नातू म्हणाला, “कांहीं होत नाहीं.” आमच्या मतें दोन्ही उत्तरें चौकशीवांचून दिलेलीं होतीं.

मोठ्या हिमराशीस संस्कृतांत ‘हिमानी’ असा स्वतंत्र शब्द आहे. ही हिमानी एकजिनसी नसते. घडवंचीवर गोधड्या रचाव्या, तसा प्रत्येक वर्षावाचा थर मागील थरावर बसतो. हिम पातळ आणि थंडी कडाक्याची असली, म्हणजे जमिनीच्या उबेनें बाष्प वर चढतें व तळाचे कण साखरेसारखे सुटे होतात. त्यांवर वाऱ्यानें आणलेल्या हिमाची घट्ट लादी बसली, कीं वरून सर्व भक्कम दिसतें. मग एका माणसाच्या भारानें तळाचा थर मोडतो, भेग दूरवर धांवते आणि सबंध लादी खालीं सुटते. बळी पडलेल्यांच्या बाबतींत ही लादी बहुधा त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सोडविलेली असते.

असें बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर घडतें. आपल्या घरचा जिना साधारण तेवढाच चढाचा असतो. म्हणजे हा उतार कांहीं भयंकर कडा नव्हे, आणि म्हणूनच तो फसवितो. नुकतेंच पुष्कळ हिम पडणें, जोराचा वारा, एकाएकीं वाढलेली ऊब, जवळपास ताजा हिमलोट, पायांखालीं ‘धप्’ असा आवाज अथवा फुटणाऱ्या भेगा, हीं धोक्याचीं लक्षणें होत. जाणते लोक खड्डा खणून थर तपासतात. परंतु एका खड्ड्यावरून सगळ्या डोंगराची खात्री देतां येत नाहीं.

ता. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर दोन पोलिश स्कीपटू हिमलोटांत दगावले. २०२४ च्या फेब्रुवारींत तेथेंच एका रशियन पाहुण्याचा अंत झाला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी व शिक्षक द्रौपदी का डांडा येथें गेले. शिक्षणानें धोका कमी होतो, नाहींसा होत नाहीं.

गाडल्या गेलेल्यास पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलें तर तो बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. बाहेरची मदत इतक्या वेळांत पोंचत नाहीं. वांचवायचें तें सोबत्यांनींच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर हें शोधयंत्र आणि पाठीवर चांचपण्याची लांब काठी व फावडें हवें, आणि तें वापरण्याचा सराव हवा.

तेव्हां वडिलांनीं नुसता नकार न देतां चार प्रश्न विचारावे. चंदीगढच्या संरक्षण-संशोधन संस्थेकडून निघणारा त्या दिवसाचा हिमलोटाचा इशारा पाहिला काय? वाटाड्या स्थानिक व जाणता आहे काय? उतार किती अंशांचा? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा: लक्षणें वाईट दिसलीं तर पैसे व सुट्टी खर्चून गेलेला तूं परत फिरशील काय?

पहिल्या तिहींचीं उत्तरें पाठ करून देतां येतात. चौथ्याचें उत्तर स्वभावांतून येतें, आणि स्वभाव घरांत घडतो. ज्या घरीं माघार घेणाऱ्याची थट्टा होते, त्या घरचें मूल डोंगरावरहि माघार घेणार नाहीं. “परत आलास, शहाणपण केलेंस,” असें म्हणण्याची तयारी असेल, तरच वडिलांनीं संमति द्यावी.