७० टक्के ड्युटी, एक फुगलेली बॅटरी आणि काल्हेरचा आरसी क्लब

गेल्या महिन्यात मी एका क्लबला तीन हजार रुपये भरले. क्लब म्हणजे डोळ्यांसमोर काही भारी आणू नका. एक व्हॉट्सॲप ग्रुप, अकरा माणसं, आणि दर रविवारी सकाळी सात ते दहा काल्हेरातल्या एका गोदामाचं रिकामं कंपाउंड. तिथे आम्ही रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या, म्हणजे आरसी कारच्या शर्यती लावतो. ग्रुपमध्ये एक कुरिअरवाला आहे, दोघं आयटीतले, एकाचा भिवंडीत लूमच्या पार्टचा धंदा आहे, आणि एक काका तर रिटायर्ड आहेत. आईचं म्हणणं एवढंच, की "सत्तावीस वर्षांचा झालास, आता तरी खेळणी सोड."

गंमत म्हणजे ही वस्तू खेळणं आहे की नाही, यावर सरकारचीही दोन मतं आहेत. आणि त्या दोन मतांमुळेच भारतात या छंदात शिरणं महाग पडतं. म्हणून म्हटलं, एकदा नीट मांडूया.

आधी ड्युटी. कस्टमच्या पुस्तकात खेळणी आणि 'स्केल मॉडेल', चालणारी असोत वा शोभेची, एकाच शीर्षकाखाली येतात. नंबर ९५०३. या शीर्षकावरची आयात ड्युटी फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून थेट ६० टक्के झाली आणि २०२३ च्या बजेटमध्ये ७० टक्के. म्हणजे बाहेर दहा हजाराला मिळणारी गाडी घ्या. सात हजार ड्युटी, झाले सतरा. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा १८ टक्के जीएसटी त्या सतरा हजारांवर लागतो, झाले वीस हजार साठ. कुरिअर आणि दुकानदाराचा नफा अजून धरलाच नाही. दुप्पट किंमत इथेच झाली.

आता दुसरं मत. २०२० मध्ये खेळण्यांसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर आली आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. पण त्या ऑर्डरमध्ये खेळणं म्हणजे काय, तर १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली वस्तू. चांगल्या आरसी कारच्या खोक्यावर '१४+' असं ठळक छापलेलं असतं. म्हणजे सुरक्षेच्या नियमात आमची गाडी खेळणं नाही, पण पैसे घेताना ती खेळणं आहे!

मला स्वतःला ही ऑर्डर चुकीची वाटत नाही. आठवडी बाजारात मिळणाऱ्या रिमोट कारची वायरिंग ज्याने एकदा उघडून पाहिली आहे, तो तिच्या विरोधात बोलणार नाही. माझी तक्रार ड्युटीबद्दल आहे, आणि तीही अर्धीच. कारण २०२३ च्या त्या वाढीतून इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचे सुटे भाग वगळलेले आहेत. अख्खी गाडी आणायला ७० टक्के, पार्ट आणायला त्याहून कमी. आमच्याकडे लोक गाडी विकत घेत नाहीत, 'जमवतात', त्याचं मोठं कारण हे आहे. चॅसिस एकाची जुनी, मोटर दुसऱ्याकडून, रिमोट तिसऱ्याने अपग्रेड केल्यावर उरलेला. माझी गाडी अशीच नऊ हजारांत उभी राहिली. एकट्याने हे जमवायला वर्ष गेलं असतं, ग्रुपमध्ये तीन आठवडे लागले. क्लब जॉइन करायचं पहिलं कारण माझ्या मते हेच. मैत्री वगैरे नंतर.

फेब्रुवारी २०२५ च्या बजेटमध्ये भारताला खेळण्यांचं जागतिक केंद्र बनवण्यासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर झाली. छान आहे. पण आमच्या अकरा गाड्या उलट्या करून पाहिल्या, तर एकाही चॅसिसवर 'मेड इन इंडिया' नाही. मात्र दोन गाड्यांचे मागचे ड्राइव्ह शाफ्ट भिवंडीत बनलेले आहेत. लूमचे पार्ट करणाऱ्या टर्नरने तुटका शाफ्ट हातात घेऊन पाहिला, "कशाचा आहे?" एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ओरिजिनलपेक्षा मजबूत करून दिला. पैसे सांगितले ते ऐकून आम्हालाच लाज वाटली. कृती योजना कुणाला मदत करणार आहे ते माहीत नाही, पण अशा वर्कशॉपच्या दारातून गेली तर बरं.

आता गाडीकडे येऊ. दुकानातली टॉय-ग्रेड आणि आमची हॉबी-ग्रेड यांत स्पीडचा फरक असतो असं सगळ्यांना वाटतं. खरा फरक दुरुस्तीचा आहे. टॉय-ग्रेडमध्ये एकाच सर्किट बोर्डवर सगळं चिकटवलेलं असतं. एक गोष्ट गेली की गाडी भंगारात. हॉबी-ग्रेडमध्ये रिसिव्हर वेगळा, मोटरला करंट देणारा स्पीड कंट्रोलर वेगळा, चाकं वळवणारा सर्वो वेगळा, प्रत्येक स्क्रू उघडतो. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्श ९३४ ची पहिली आरसी गाडी काढली, तीही स्वतः जोडायच्या किटच्या रूपात. तेव्हापासून हा छंद अर्धा चालवण्याचा आणि अर्धा पान्याचा आहे.

रिमोट बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे तुमच्या वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात. भारतात या पट्ट्यात कमी पॉवरच्या उपकरणांना २००५ पासून वेगळं लायसन्स लागत नाही. त्याआधी २७ मेगाहर्ट्झच्या रिमोटमध्ये छोटे क्रिस्टल असायचे आणि दोघांकडे एकच क्रिस्टल आलं, की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची. आमचे रिटायर्ड काका ते दिवस रंगवून सांगतात. आता रिमोट आणि रिसिव्हर एकदा 'बाइंड' केले, की ते एकमेकांनाच ओळखतात, इअरबडसारखं.

पण ओळख असली तरी सिग्नल तुटू शकतो. आणि तिथेच आमची जागा जवळजवळ गेली होती.

झालं असं, की एकाच्या रिमोटमधले सेल शर्यतीच्या मध्येच संपले. अशा वेळी रिसिव्हरने स्वतःहून मोटर बंद करायला हवी. त्याला फेलसेफ म्हणतात आणि तो आधी सेट करावा लागतो. त्याने केला नव्हता. रिसिव्हरला शेवटचा हुकूम मिळाला होता 'फुल थ्रॉटल', तोच तो पाळत राहिला. गाडी कंपाउंडच्या गेटमधून बाहेर, आणि रस्त्याकडेला उभ्या टेम्पोच्या चाकावर जाऊन आदळली. मेट्रो ५ चे खांब आणि कंटेनर यांच्यामध्ये आमच्या या रस्त्यावर आधीच पाय ठेवायला जागा नसते. नशिबाने टेम्पो उभा होता आणि मध्ये कुणी माणूस नव्हता.

"एवढीशी गाडी, काय होणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब करून ठेवलाय. गाडीचं वजन १.६ किलो, वेग ताशी ४० किलोमीटर. ऊर्जा निघते सुमारे ९८ ज्यूल. १६० ग्रॅमचा सीझन बॉल ताशी १२६ किलोमीटरने टाकला, तर त्यातही एवढीच ऊर्जा असते. तो पॅडशिवाय घोट्यावर घेऊन बघा. म्हणून रस्त्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लहान पोरं खेळतात तिथे ही गाडी चालवू नका. यूट्यूबवर '१/१० स्केल म्हणजे ताशी ४०० चा फील' असलं जे काही सांगतात ते सोडून द्या. लागतं ते खऱ्या वेगाने लागतं.

दुसरा प्रसंग माझाच आहे, सांगायला कमीपणा वाटतो. या गाड्यांमध्ये लिपो बॅटरी असते. माझी आहे ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच, म्हणजे ३७ वॉट-अवर. तुमच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी असेल तर ती साधारण १९ वॉट-अवरची. म्हणजे दोन फोनांएवढी झाली. मग घाबरायचं काय? फोनच्या बॅटरीवर संरक्षणाचं सर्किट असतं, ती गरम झाली की फोन स्वतः चार्जिंग कमी करतो. लिपोवर असं काहीच नसतं, कारण तिला एका क्षणात फोनच्या कितीतरी पट करंट द्यायचा असतो. लेबलवर '५० सी' लिहिलेलं असेल, तर कंपनीचा दावा ५ गुणिले ५०, म्हणजे २५० अँपिअरचा असतो. दावा बऱ्याचदा फुगवलेला असतो, पण निम्मा खरा धरला तरी वेल्डिंग मशीनची आठवण यावी.

तर मी चार्जरवर 'लिपो' ऐवजी चुकून जुन्या निकेल बॅटरीचा मोड लावला आणि मीटिंगला बसलो. चार्जरला कळलंच नाही कुठे थांबायचं. लिपोचा सेल ४.२ व्होल्टला थांबवायचा असतो, त्यापुढे आत गॅस तयार होतो. मीटिंग संपेपर्यंत बॅटरी उशीसारखी फुगली होती. पप्पांनी ती चिमट्याने उचलून गच्चीवर वाळूच्या बादलीत टाकली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते वीस वर्षं गोदामात सुपरवायझर होते. भिवंडीच्या पट्ट्यात गोदामाची आग ही काय चीज असते ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

ग्रुपमध्ये ही गोष्ट सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही. चौघांच्या घरी असंच काहीतरी झालेलं निघालं, आणि प्रत्येकाने ते लपवलेलं. त्याच दिवशी ठरलं, कंपाउंडात चार्जिंग नाही. बॅटरी घरून भरून, जाड पिशवीत. घरीही चार्जिंगच्या वेळी माणूस समोर हवा, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर फुल भरून नाही, ३.८ व्होल्ट प्रति सेलवर. हे सगळं नेटवर आहेच. पण नेटवर वाचून मी चुकलो होतो. समोरचा माणूस तुमचा चार्जर हातात घेऊन "मोड दाखव" म्हणतो तेव्हा लक्षात राहतं.

सॉफ्टवेअरवाला म्हणून माझ्याकडे काम आलं लॅप मोजायचं. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक गाडीत ट्रान्सपॉन्डर असतो, ट्रॅकखालच्या वायरच्या लूपवरून गेला की हजाराव्या भागापर्यंत वेळ नोंदवतो. आमच्या बजेटच्या बाहेर. मी स्टँडवर फोन लावला आणि रेषा ओलांडणारा रंग ओळखणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पण फोन सेकंदाला ६० फ्रेम घेतो आणि ताशी ४० ने जाणारी गाडी दोन फ्रेमच्या मध्ये साडेअठरा सेंटिमीटर पुढे जाते, जवळजवळ गाडीची अर्धी लांबी. त्यामुळे घासून आलेल्या दोन गाड्यांत पहिली कोण, यावर भांडणं होतातच. माझा नियम आहे, एका फ्रेमच्या आतला फरक म्हणजे बरोबरी. तो फक्त हरणाऱ्याला पटतो.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी एक रस्ता आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. तामियाचीच मिनी फोर-व्हील-ड्राइव्ह, १९८२ पासूनची. १/३२ आकार, दोन पेन्सिल सेल, रिमोट नाहीच. भिंती असलेल्या ट्रॅकवर गाडी सोडायची, ती भिंतीला घासत पळते. सगळी करामत गिअर, रोलर आणि वजनाच्या सेटिंगमध्ये. जपानमध्ये तिचा 'जपान कप' १९८८ मध्ये सुरू झाला. लिपो नाही, रेडिओ नाही, टेम्पोला धडक नाही. आणि आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये इंजिनवाल्या आरसी गाड्यांची 'फुल थ्रॉटल' शर्यत पाहून ज्यांना थेट तिथे पोचायचंय त्यांना सांगतो, आधी इलेक्ट्रिकवर हात बसवा. इंजिन ट्यून करणं हा वेगळाच छंद आहे.

हा खर्चाचा मुद्दा मला टोचतो त्याचं कारण आमच्या कंपाउंडच्या वॉचमनकाकांचा मुलगा. आठवीत आहे. पहिल्या रविवारी तो स्वतःची रिमोट कार घेऊन आला, दुसऱ्या लॅपला तिचा गिअर गेला. मी उघडून पाहिली, बोर्डवर सगळं चिकटवलेलं. "दादा, होईल ना?" नाही झाली. त्या दिवसापासून तो येतो, उलटलेल्या गाड्या सरळ करून देतो, कुणाचं टायर कुठल्या वळणावर घसरतं ते आमच्याआधी त्याला कळतं. ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणालं, त्याला मार्शल ठेवू, शंभर रुपये देऊ. मला ते आवडलं नाही. काकांनाही नाही. "पैसे नको साहेब, पोराला एकदा चालवायला द्या," एवढंच म्हणाले. मी रिमोट दिला. पाचव्या लॅपला त्याची वेळ माझ्यापेक्षा चांगली होती, आणि ती माझ्याच प्रोग्रॅमने मोजली होती.

म्हणून आता ग्रुपमध्ये 'स्टॉक' वर्गाची चर्चा चालू आहे. सगळ्यांना एकच साधी ब्रशवाली ५४० मोटर, एकाच क्षमतेची बॅटरी. यात पैसा ओतून फार फरक पडत नाही. दोघांचा विरोध आहे, त्यांनी नुकत्याच ब्रशलेस मोटरी घेतल्यात. मतदान अजून व्हायचंय. तोवर जमवलेल्या पार्टांतून एक बारावी गाडी उभी राहते आहे, सर्वो तेवढा कमी आहे.

जागेचं मात्र ठरलं. टेम्पोच्या प्रकारानंतर गोदामाच्या मालकाने जबाबदारीचा कागद मागितला आणि त्यावर कोण सही करणार हे कुणाला सुचेना. शेवटी जवळच्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवाल्याशी बोललो. युरोपात नकली गवतावर आरसीचे ट्रॅक असतात, बारीक पिनांचे टायर लावून, हे त्याला फोनवर व्हिडिओ दाखवून पटवलं. चारही बाजूंनी जाळी आहे, म्हणजे गाडी बाहेर जाण्याचा प्रश्नच मिटला. आमचे तीन-तीन हजार तिकडेच गेले. अटी दोन: गवत उखडलं तर भरपाई, आणि संध्याकाळचा स्लॉट मागायचा नाही. मिळालाय मंगळवार, दुपारी बारा ते दोन. मी ऑफिसात हाफ डे टाकलाय. पोराची त्या दिवशी शाळा सकाळची असते.