पन्नास षटकांची शाळा

२०२३ च्या जुलैत कोलंबोत तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने पाकिस्तान अ संघाचे पाच गडी टिपले. तुळजापूर म्हणजे काही शिवाजी पार्क नव्हे! पुढे अंतिम सामन्यात त्याच पाकिस्तानने ३५२ धावा चोपून आपल्याला १२८ धावांनी हरवलं, हेही खरं. शिकायचं ते अशाच लांब डावात. नेपाळ, ओमान, अमिरातीच्या पोरांनाही तिथे मोठ्या देशांच्या अ संघांशी झुंजायला मिळालं.

उदयोन्मुख संघांची ही आशियाई स्पर्धा २०१३ साली सिंगापूरला सुरू झाली, ती एकदिवसीय म्हणून. पहिला चषक सूर्यकुमार यादवच्या संघाने आणला. २०२४ ला ओमानमध्ये मात्र ती वीस षटकांची झाली, २०२५ ला दोह्यातही तेच.

आमच्या एरंडोलची पोरं टेनिस बॉलने आठ-आठ षटकं खेळतात. फटके दणकेबाज! पण तिसाव्या षटकात, बॉल जुना झाल्यावर, धावा चोरायच्या कशा हे त्यांना कोण दाखवणार? वीस षटकांची करमणूक आयपीएलमध्ये दोन महिने असतेच की. होतकरूंची स्पर्धा तरी पुन्हा पन्नास षटकांची करा. २०२७ चा आफ्रिकेतला विश्वचषक पन्नास षटकांचाच आहे.