समुद्र खातो त्याचा पंचनामा कोण करणार?

परवा लंचला तारकर्लीच्या ट्रिपचं प्लॅनिंग चाललं होतं. मी म्हणालो, शेजारच्या देवबागला समुद्र किनारा खातोय, तेही बघून या. एक जण हसला, "तू धर्मापुरीचा ना? बीडवाल्यानं समुद्रावर बोलू नये."

बोलणारच! पोट ज्यावर चालतं तेच हातातून जाणं म्हणजे काय, हे आम्हा परळीकडच्यांना शिकवायला नको. २०१३च्या दुष्काळात आमच्याकडची जनावरं छावण्यांत होती. पण दुष्काळाला निदान सरकारदरबारी नाव आहे. पंचनामा होतो, उशिरा का होईना, चार पैसे खात्यावर पडतात.

देवबागचं काय? एकीकडे कर्ली नदी, दुसरीकडे अरबी समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. आयपीसीसी सांगते, २००६ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरनं वाढली. "एवढीशीच?" हो, पण दरवर्षी, आणि उधाण येतं ते त्याच्या वर चढून. किनाऱ्याची धूप व्हायला लाटा, नदीचं मुख, वाळूउपसा अशी इतरही कारणं असतात, मान्य. पण कारण कुठलंही असो, गेलेला किनारा गेलाच ना?

केंद्राच्या २०२१-२६च्या आपत्ती मदतीच्या यादीत चक्रीवादळ होतं, दुष्काळ होता, अगदी टोळधाडसुद्धा होती. धूप नव्हती. १५व्या वित्त आयोगानं धूप रोखायला १,५०० कोटी आणि विस्थापितांसाठी १,००० कोटी सुचवले. तेही नद्या आणि समुद्र मिळून अख्ख्या देशाला, पाच वर्षांसाठी. महाराष्ट्रानं स्वतःच्या यादीत समुद्राचं उधाण घातलं, चांगलं केलं. पण उधाणाला तारीख असते. दर पावसाळ्यात थोडी थोडी वाळू जाते, तिची तारीख कुठली लिहायची?

मग येतो दगडी बंधारा. घर वाचतं, कबूल. पण रापण ओढायला मोकळी पुळण लागते, दगड नाही. आणि पुळण काही रापणकाराच्या सातबाऱ्यावर नसते, म्हणजे भरपाईचा प्रश्नच मिटला!

माझं म्हणणं साधं आहे. धूप आपत्ती माना, किनारा दरवर्षी मोजा, घरासोबत बुडालेल्या धंद्याचीही भरपाई द्या.

असो. तुम्ही तारकर्लीला जरूर जा, सुरमई खा. फक्त होमस्टेवाल्याला "बीच किती लांब?" विचाराल, तेव्हा "दहा वर्षांपूर्वी किती लांब होता?" हेही विचारा.