चराईबंदी : किती आणि कधी?

गायरान हिरवे करण्याचा ठराव ग्रामसभेत आला की पहिली कुऱ्हाड शेळीवर पडते. १९९२ साली आदर्श गाव योजना आली, तिच्या पंचसूत्रीत कुऱ्हाडबंदीच्या जोडीला चराईबंदी होती. काही गावांनी ती नेटाने पाळली आणि त्यांचे डोंगर हिरवे झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण कपाशी बुडाली की ज्या घरात दोन शेळ्या विकून किराणा भरला जातो, त्या घरच्या माउलीला ‘शेळ्या काढा’ म्हणण्याआधी माळावरचे झाड कशाने मरते ते तरी पाहू या.

बाभूळ, हिवर, बोर, अंजन यांचा खरा संसार जमिनीखाली असतो. शेळीने शेंडा खुडला तरी मूळ तेवढेच राहते, पाणी मागणारी पाने मात्र कमी होतात. उरलेल्या पानांना ओल जास्त मिळते. म्हणून छाटलेली बाभूळ तरारून फुटते आणि त्या फुटीचे काटे चांगले लांब असतात. ताण बसलेल्या ज्वारीच्या फुटव्यात विष उतरते ना, तसाच हा झाडाचा बंदोबस्त.

मग मरते कशाने? नवी फूट काढायला झाड मुळातला साठा मोडते. तो साठा पुन्हा भरायचा पावसाळ्यात, पानांनी. चैत्रातली पालवी बरीचशी जुन्या शिलकीवर येते. ती खुडली गेली, मृग कोरडा गेला, उशिरा आलेली फूटही खाल्ली गेली, आणि असे ओळीने दोन-तीन वर्षे झाले की खाते रिकामे होते. फरदड घेणाऱ्याला हे सांगायला नको. ओल असेल तर पऱ्हाटी पुन्हा बोंडे देते, नसेल तर नुसत्या काड्या उभ्या राहतात. वर्षाच्या रोपाजवळ तर शिल्लकच नसते. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगा त्याची मुळे तोडतात. मुरमाड माळावर सोटमूळ फटीतून खोल ओलीपर्यंत पोचले तर रोप वाचते, पण तोवर शेळीचा एक घास पुरतो.

चरणे सरसकट बंद केले म्हणजे झाड सुखी होते, असेही नाही. केनियात लायकिपियाच्या माळावर आपल्यासारखीच काळी कपाशीची जमीन आहे, तिथे बाभळीच्या जातीचे एक काटेरी झाड वाढते. १९९५ साली तिथे कुंपणे घालून हत्ती-जिराफ बाहेर ठेवले. झाडाने पोकळ काटे आणि मधुरस कमी केला, तो खाऊन झाडाची राखण करणाऱ्या मुंग्या हटल्या, खोड पोखरणारे किडे शिरले. वाढ खुंटली, मरही वाढली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या बाभळीवर तशा मुंग्या नाहीत, म्हणून हा दाखला जसाच्या तसा इथे लावू नये. पण कुंपण म्हणजेच उपाय, हे म्हणणेही मग जपून करावे.

आम्हाला जास्त कामाचा वाटतो तो नायजरचा अनुभव. तिथला शेतकरीही कोरडवाहू, ज्वारी-बाजरीवर जगणारा. १९८३ पासून टोनी रिनाउडो यांनी मराडी भागात रोपे लावण्याचा नाद सोडला आणि शेतातल्या जिवंत खुंटांकडे लोकांचे लक्ष वळवले. खुंटावरची दोन-चार जोमदार फूट ठेवायची, बाकी छाटायची, ठेवलेली जपायची. सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आली. जुन्या कायद्याने झाड सरकारचे होते तोवर कोणी जपत नव्हते. आपले झाले तेव्हा जपले, हेही विसरू नका.

म्हणून आमची सूचना अशी. गायरानाचे तीन तुकडे करा. एक तुकडा दोन-तीन वर्षे पूर्ण मिटवा, शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी तिचे तोंड शेंड्याला पोचणार नाही इतकी फूट वाढेपर्यंत. छाटलेल्या फुटीचा पाला शेळीवाल्यांनाच द्या. दुष्काळ पडला तर उघडणे एक पावसाळा पुढे ढकला. मोठ्या झाल्यावर बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात खाली पडतातच, त्या शेळ्यांच्याच.

तुकडा कोणता आणि कधी मिटवायचा हे ठरवताना शेळ्या राखणाऱ्या बाया बैठकीत हव्यात. जिल्हा बैठकीला येण्याआधी आपल्या गायरानात हिंडून किती खुंट जिवंत आहेत ते मोजून आणा.