पहिली साक्ष तिची होती



हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर ईस्टर होऊन गेलेला असेल. गुड फ्रायडेला सुट्टी असते म्हणून तो सगळ्यांना ठाऊक असतो. ईस्टर रविवारी येतो, त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या आपल्यापैकी अनेकींना तो कधी आला नि कधी गेला हे कळतही नाही. पण ख्रिस्ती श्रद्धेचा कणा आहे तो हा रविवार. क्रुसावर मारलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, मरणाचा शब्द अखेरचा ठरला नाही, हा या सणाचा अर्थ.

काही वर्षांपूर्वी गुड फ्रायडेच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आली होती. नवऱ्याच्या मारानं तिचा हात सुजला होता. आमच्याकडे येण्याआधी ती आपल्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडे गेली होती. एकानं सांगितलं, "तुझा नवरा तसा वाटत नाही." दुसऱ्यानं सांगितलं, "प्रत्येकाला आपला क्रूस वाहावाच लागतो." तिनं मला विचारलं, "ताई, क्रूस मी वाहीन. पण मग माझा रविवार कधी?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मी चारही शुभवर्तमानांतली ईस्टरची हकिगत वाचून काढली.

येशूला धरलं तेव्हा शिष्य पळाले. स्त्रिया मात्र क्रुसापर्यंत गेल्या. शब्बाथ संपल्यावर, रविवारी भल्या पहाटे, त्याच कबरीकडे निघाल्या. हातात प्रेताला लावायची सुगंधी द्रव्यं होती. कबरीच्या तोंडावरची भली मोठी धोंड कोण सरकवणार, हे त्यांना माहीत नव्हतं. मार्क सांगतो की वाटेत त्या हेच एकमेकींना विचारत होत्या. उत्तर नव्हतं, तरी चालत राहिल्या. पोचल्या तर धोंड बाजूला झालेली!

कोण कोण गेल्या, याबद्दल चौघा लेखकांत फरक आहे. पण मग्दालीया मरीयेचं नाव चौघांकडेही आहे. योहान तर सांगतो की पुरुष शिष्य आले, रिकामी कबर पाहून घरी परतले. ही मात्र बाहेर रडत उभी राहिली. येशू प्रथम भेटला तो तिला. त्यानं तिला नावानं हाक मारली आणि निरोप सांगायला पाठवलं. ज्या समाजात बाईची साक्ष सहसा धरली जात नसे, तिथं या धर्मातल्या सर्वांत मोठ्या घटनेची साक्ष बाईवर सोपवली गेली.

आणि पुढं काय झालं? लूक स्पष्ट लिहितो की बायकांचं बोलणं शिष्यांना बरळणं वाटलं, त्यांनी विश्वास ठेवला नाही. पौलानं करिंथकरांना पत्र लिहून पुनरुत्थित येशूला पाहिलेल्यांची यादी दिली. त्यात केफा आहे, बारा शिष्य आहेत, पाचशेहून अधिक बंधू आहेत. मरीयेचं नाव नाही. पुढं इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी आपल्या प्रवचनात तिला लूकच्या एका निनावी पापी स्त्रीशी एक करून टाकलं. शुभवर्तमानांत तसा आधार नाही. तरी पाश्चात्त्य चर्चमध्ये शतकानुशतकं ती पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणूनच रंगवली गेली. साक्ष खोडता येत नसेल तर साक्षीदारणीचं चारित्र्य खोडायचं!

हे आपल्या ओळखीचं नाही का? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस चौकीत मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नव्हत्या. पीडितेचं चारित्र्य वाईट असल्याचं दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारं कलम आपल्या पुरावा कायद्यातून गेलं ते थेट २००२ च्या दुरुस्तीनं.

चर्चलाही वेळ लागला. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलै या मरीयेच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. 'प्रेषितांची प्रेषित' हे तिचं जुनं बिरुद पुन्हा मानानं घेतलं गेलं. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरू होता येत नाही, हेही मात्र तसंच आहे.

म्हणून मला वाटतं, बाईला क्रूस वाहायला सांगणारे शुक्रवारीच थांबलेले असतात. येशूनं क्रूस पत्करला तो सत्तेपुढं मान तुकवली नाही म्हणून; घरातला मार निमूट सोसणं म्हणजे क्रूस नव्हे. ईस्टरचं अध्यात्म मला त्या पहाटेत दिसतं. धोंड कोण सरकवणार हे ठाऊक नसताना एकमेकींच्या सोबतीनं निघायचं. आणि कुणी बाई धापा टाकत काही सांगायला आली, तर तिचं खरं मानून ऐकायला सुरुवात करायची.

त्या बाईचं म्हणणं आम्ही तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज केला. तारखा पडत गेल्या, पण संरक्षणाचा आदेश मिळाला. आज ती मुलांसह भाड्याच्या खोलीत राहते. ओढाताण आहे. पण गेल्या ईस्टरला तिनं केंद्रात सगळ्यांसाठी रंगवलेली अंडी आणली. "ताई, रविवार आला," एवढंच म्हणाली.

उशिरा का होईना, तुम्हां सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा!