पायपेटी, पेनड्राईव्ह आणि नॉर्वेचे लांडगे

गेल्या सीझनमध्ये बऱ्याच वर्षांनी आजोळी नाटक बघायला गेलो होतो. आजोळ म्हणजे सिंदेवाही तालुक्यातलं एक छोटं गाव. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या की जंगल. पुण्याहून नागपूर, तिथून पुढे एसटी, आणि शेवटचे काही किलोमीटर मामेभावाच्या गाडीवर. जानेवारीची थंडी, अंगात दोन स्वेटर, रात्रीचे साडेदहा, आणि पडदा काही उघडायचं नाव घेत नव्हता. म्हणजे सगळं अगदी लहानपणीसारखंच.

एक सोडून. स्टेजच्या पुढ्यात जिथे माझा मामा पायपेटीवर बसायचा, तिथे तो बसलेला होता, पण पायपेटी नव्हती. लोखंडी स्टँडवर काळा कीबोर्ड होता. बाजूला तबला होता, त्याच्या बाजूला ऑक्टोपॅड. पोस्टरवर मात्र मामाच्या नावाआधी अजून 'ऑर्गन' असंच छापलेलं.

मी तोंड पाडून बसलो. पहिला अंक संपल्यावर मामा चहाला बाहेर आला आणि म्हणाला, "काय गा बापू, झोप आली का?"

मी म्हटलं, "झोप नाही मामा, पण तो आवाज राहिला नाही."

मामाने माझ्याकडे असं बघितलं जसं आमच्या ऑफिसात क्लायंटने शेवटच्या दिवशी नवीन रिक्वायरमेंट दिली की आम्ही बघतो. "तो ऑर्गन घरी पडला हाये. उचलाले चार मानसं लागतात. हे डबडं पाठीले अडकवलं का फटफटीवर निंगालो. तुह्या कंपनीत अजून जुनाच कॉम्प्युटर वापरतात का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घुश्शात परत जाऊन बसलो. आणि मग जाणवलं, की हा घुस्सा मी याआधीही एकदा केला आहे. तेव्हा कारण होतं नॉर्वेचा एक बँड.

झालं असं, की इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर एका सीनियरने मला मेटलचं व्यसन लावलं. आयर्न मेडन, मेटॅलिका हे सगळ्यांचं असतं. पण आपण कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी ऐकतो ही भावना त्या वयात फार गोड असते! तर मला सापडला 'उल्व्हेर'. नॉर्वेजियनमध्ये उल्व्हेर म्हणजे लांडगे. १९९५ साली त्यांचा 'बर्गटाट' हा पहिला अल्बम आला. जंगलात वाट चुकलेल्या आणि डोंगरातल्या अदृश्य शक्तींनी ओढून नेलेल्या मुलीची गोष्ट, तीही जुन्या वळणाच्या भाषेत. पुढच्याच वर्षी 'क्वेल्डसांगर', त्यात किंचाळणं नाही, इलेक्ट्रिक गिटार नाही, नुसत्या लाकडी गिटारी आणि देवळात म्हणावेत तसे आवाज. आणि १९९७ मध्ये 'नाटेन्स मॅड्रिगाल', इतका खरखरीत की रूममेटने हेडफोन काढून विचारलं होतं, "फाईल करप्ट आहे का रे?" हा अल्बम म्हणे त्यांनी थेट जंगलात जाऊन रेकॉर्ड केला. दंतकथाच ती. पण मी जंगलातल्या गावचा पोरगा, मला ती खरी वाटायला हवी होती.

आणि मग १९९८ च्या शेवटी त्यांनी विल्यम ब्लेकच्या कवितेवर डबल अल्बम काढला. त्यात ड्रम मशीन, सिंथेसायझर, कॉम्प्युटरवर कापून जोडलेले आवाज. २००० चा 'पर्डिशन सिटी' तर सरळ रात्रीच्या शहराचं संगीत. जंगल गायब. २०१७ मध्ये त्यांनी चक्क सिंथ-पॉप केलं, ज्यावर माणूस नाचू शकेल!

मला हे सगळं वीस वर्षं उशिरा, एका आठवड्यात, हॉस्टेलच्या खाटेवर पडून कळलं. तरी मला राग आला. जणू ते माझे पैसे घेऊन पळाले होते. (एक रुपयाही दिला नव्हता हे वेगळं सांगायला नको.)

असो. मुद्दा असा, की मी त्यांच्यावर रागावलो तेव्हा आणि मामावर रागावलो तेव्हा, दोन्ही वेळा मी प्रेक्षक होतो. आणि प्रेक्षकाला एक गोष्ट नेहमी वाटते. आपण जेव्हा पहिल्यांदा ऐकलं तेव्हाचा आवाज म्हणजे 'मूळ' आवाज, आणि त्यानंतरचं सगळं भेसळ.

आता झाडीपट्टीचंच बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतला झाडाझुडपांचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान निघालं, दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा सीझन चालतो. शामियान्यात, तिकीट लावून, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. गावचं मंडळ वडशाला जातं, तिथल्या कंपन्यांकडून नाटक ठरवतं, आणि तिकीटविक्रीतून खर्च निघून काही उरलं तर ते गावाच्या कामाला. सरकारी अनुदानाच्या भरवशावर उभी नसलेली, तिकिटावर जगणारी ही रंगभूमी आहे. पुण्यात रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला पार्किंग मिळालं नाही म्हणून परत फिरणाऱ्या माझ्या मित्रांना हे सांगितलं तर खरंच वाटत नाही. २०२३ मध्ये गडचिरोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात बातमी वाचून एकाने मला विचारलं, "झाडीपट्टी म्हणजे नक्की कुठे रे?" २०२२ मध्ये तृषांत इंगळेचा 'झॉलीवूड' सिनेमाही येऊन गेला, त्यानेही फार फरक पडलेला दिसला नाही.

तर या रंगभूमीचा 'मूळ' आवाज कोणता? माझ्यासाठी मामाची पायपेटी. पण आजोबा जिवंत असताना म्हणायचे, पेटी आली आणि दंडारीची मजा गेली. त्यांच्यासाठी मूळ आवाज म्हणजे दंडार आणि खडी गंमत. ढोलकी, डफ, तुणतुणं, आणि बाईचं सोंग घेतलेला पुरुष. नाट्यपदं, ऑर्गन, तबला हे सगळं त्यांच्या लेखी बाहेरून आलेलं, संगीत नाटकाचं पीक. ते चुकीचं बोलत नव्हते. पायपेटी काही ताडोब्याच्या जंगलात उगवली नाही, ती साहेबाच्या चर्चमधून फिरत फिरत आपल्याकडे आली. म्हणजे जो आवाज 'आपला' म्हणून मी छातीशी धरून बसलो होतो, तोच कुणाच्या तरी आजोबांना भेसळ वाटत होता. माईक आला तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, की आता गळा लावून गायची गरज उरली नाही.

इथपर्यंत आलो की आमच्यासारखी शहाणी माणसं 'बदल हा निसर्गनियम आहे' असं म्हणून लॅपटॉप बंद करतात. मला तसं करता येत नाही. कारण त्या रात्री दुसऱ्या अंकात आणखी एक गोष्ट झाली.

नायिकेचं दुःखाचं पद होतं. नवरा कर्जापायी गेलेला, पदरात पोर. कलाकार बाई नागपूरहून आलेली, दोन दिवसांच्या तालमीवर उभी राहिलेली. पहिल्या कडव्यानंतर तिचा आवाज भरून आला. नाटकातलं रडू की खरं, कळलं नाही, पण ती थांबली. मामाही थांबला. एकच सूर धरून राहिला, कीबोर्डवरच, आणि तबल्यावाल्याने हात वर ठेवला. चार-पाच सेकंद असतील. शामियान्यात पोरंसुद्धा गप्प. मग तिने मान हलवली, आणि मामाने तिला अलगद पुढच्या ओळीत सोडलं. माझ्या बाजूची आजी पदराने डोळे पुसत होती.

त्यानंतर लगेच डान्स. मंडळाला डान्स लागतोच, त्याशिवाय पोरं तिकीट काढत नाहीत. साऊंडवाल्याने पेनड्राईव्ह लावला, गाणं सुरू झालं, आणि नाचणारीच्या पायातलं घुंगरू सुटलं. ती वाकली. गाणं थांबलं नाही. ते कसं थांबणार? ती बांधून उभी राहीपर्यंत गाणं दोन ओळी पुढे निघून गेलं होतं. ती बिचारी धावत धावत त्याला गाठत होती. लोक हसले. मामा आणि तबल्यावाला हात बांधून बसले होते.

तेव्हा माझ्या डोक्यात पेटलं. मी चुकीच्या यंत्रावर रागावलो होतो. प्रश्न पायपेटी की कीबोर्ड हा नाहीच. प्रश्न आहे, वाजणारी वस्तू माणसासाठी थांबते की माणसाला वस्तूमागे पळावं लागतं. कीबोर्डवर बसलेला मामा थांबू शकतो, कारण त्याचं लक्ष बाईच्या श्वासाकडे आहे. पेनड्राईव्हचं लक्ष कुणाकडेच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर एक सिस्टीम इनपुट घेते आणि दुसरी घेत नाही. हार्डवेअर कोणतंही असो.

आणि दुसरा फरक, निर्णय कुणाचा? उल्व्हेरवाल्यांनी आवाज बदलला तो स्वतःच्या मर्जीने. त्यांच्यावर समोरच्या गर्दीचं दडपणही नव्हतं. २००९ पर्यंत जवळजवळ पंधरा वर्षं त्यांनी प्रेक्षकांसमोर पाऊलच ठेवलं नाही. अल्बम काढायचा, कुणी शिव्या देवोत, पुढच्या कामाला लागायचं. मामाला ही चैन नाही. २०२० च्या दिवाळीनंतर कोविडमध्ये त्याचा अख्खा सीझन गेला, तेव्हा तो धानाच्या बांधीत मजुरीला गेला होता. तो कीबोर्डवर आला ते त्याला पटलं म्हणून. पण पेनड्राईव्ह वाजताना हात बांधून बसतो ते मंडळाला पटतं म्हणून. मंडळ तरी काय करेल? तिकीट खपलं नाही तर तोटा गावाच्या माथी. म्हणजे खलनायक कुणीच नाही, आणि तरी एका माणसाचं काम दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय. आधी डान्सची गाणी गेली. मग पडदा उघडतानाचं संगीत गेलं. पदं अजून आहेत, कारण ती ऐकायला आजीबाई येतात. आजीबाई किती वर्षं येतील?

यावर मी एक इंजिनिअरी उपाय काढला. पहाटे नाटक सुटल्यावर लोक ट्रॅक्टरमध्ये दाटीवाटीने बसत होते. आमच्याकडे रात्री एकट्याने पायी जायचं नाही, वाघाची भीती ही काही अल्बमच्या कव्हरवरची नाही. शेकोटीपाशी मी मामाला म्हटलं, "मी पुढच्या वर्षी मंडळाला पैसे देतो. अट एकच, सगळं संगीत जिवंत. आणि तुझी पायपेटी स्टेजपुढे."

मामा हसला. "म्हंजे तू बी ठेकेदार झालास का गा? ते म्हनतात डान्स पायजे, तू म्हनतोस पेटी पायजे. मले कोनी विचारन का, तुले काय वाजवायचं हाये म्हनून?"

मी विचारलं. थोडा उशीरच झाला होता, पण विचारलं.

तो म्हणाला, डान्सची गाणीही त्यालाच वाजवायची आहेत. कीबोर्डवर, ऑक्टोपॅड घेऊन, जोरात! पोरं नाचली पाहिजेत आणि घुंगरू सुटलं तर गाणं थांबलं पाहिजे. पायपेटीचं म्हणशील तर तिच्या भात्याला उंदरांनी भोकं पाडली आहेत, तुला एवढीच हौस असेल तर पुण्याला घेऊन जा.

म्हणजे जुना आवाज वाचवायला निघालेला मी, आणि नवा आवाज हातात मागणारा मामा. माझं आता स्पष्ट मत आहे, की झाडीपट्टीला आपल्या हळहळीची गरज नाही. वर्षातून एकदा गावी जाऊन 'आता ती मजा नाही' म्हणणारा प्रेक्षक तिला जगवत नाही. तिला जगवतो तो तिकीट काढून पहाटेपर्यंत बसणारा. पद रंगलं की वन्स मोअर देणारा, आणि पेनड्राईव्ह लागला की दुसऱ्या दिवशी मंडळाच्या पोरांना जाऊन "वाजवणारे बसले होते ना, मग त्यांना का नाही वाजवू दिलं?" असं विचारणारा. मंडळाची पोरं आपलीच असतात हो, मामेभाऊ-चुलतभाऊच. ऐकतात.

परतीच्या गाडीत मी 'पर्डिशन सिटी' लावला. कॉलेजात अर्ध्यावर बंद केला होता, या वेळी पूर्ण ऐकला. चांगला आहे. खूपच चांगला आहे.

येत्या भाऊबीजेनंतरच्या आठवड्याची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे. मॅनेजरने कारण विचारलं, 'फॅमिली फंक्शन' लिहिलं. मंडळाला देणगी देणार नाही, तिकीट काढणार. पायपेटी पुण्याला आणायची की नाही यावर घरी चर्चा चालू आहे. आमच्या वन बीएचकेमध्ये ती मावेल असं बायकोला वाटत नाही.