सिंड्रेला गेली, मग राख कोण काढतं?

परीकथांचं स्त्रीवादी पुनर्कथन इंग्रजी किशोरसाहित्यात आता चांगलंच रुळलं आहे. गेल कार्सन लेव्हिन यांच्या 'एला एन्चांटेड' (१९९७) या कादंबरीतल्या एलाला जन्मताच आज्ञाधारकपणाचा शाप मिळतो. कुणीही हुकूम सोडला की तो पाळावाच लागतो. शेवटी ती राजपुत्राला लग्नासाठी नकार देते आणि शाप तुटतो. मुलींना गुण म्हणून शिकवलं जातं, तोच शाप आहे हे इतक्या सोपेपणाने सांगणं मोलाचं आहे.

पण मूळ कथेतला अन्याय नेमका कोणता? शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथेत सिंड्रेला खानदानी घरची लेक आहे. राख काढणं तिच्या वाट्याला आलं म्हणून गोष्ट झाली. मोलकरणीने काढली असती तर झालीच नसती. त्याच कथेत तिचा गाडीवान घुशीपासून बनतो आणि सहा हुजरे सरड्यांपासून. बारा वाजल्यावर त्यांचं काय झालं, याची चौकशी कुणी करत नाही. एलाच्या घरची स्वयंपाकीण मँडी तर स्वतः परी आहे, तरी तिचं काम स्वयंपाकाचंच.

कॅलिन बेरन यांची 'सिंड्रेला इज डेड' (२०२०) पुढे जाते. सिंड्रेलानंतर २०० वर्षांनी तिचीच गोष्ट कायदा बनली आहे. मुलींनी नृत्याला जायचं, पुरुषांनी निवडायचं. सोफिया ही काळी नायिका ही अधिकृत गोष्टच खोटी असल्याचं शोधून काढते. गोष्ट कुणी रचली, कुणाच्या सोयीसाठी? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामन-बळीच्या कथेला हेच विचारलं होतं. म्हणजे पुनर्कथन आपल्याला परकं नाही.

आपल्यापैकी कित्येकींच्या आया-आज्यांनी दुसऱ्यांच्या घरची राख काढली, खरकटं उचललं. त्यांना कुणी सिंड्रेला म्हटलं नाही, कारण ते काम त्यांचंच मानलं गेलं. घरात पहिली पदवी आली की आपल्यालाही तीच परीकथा ऐकवतात: एक हुशार मुलगी, एक स्कॉलरशिप, झालं कल्याण. एकटी सुटते, चूल तिथेच राहते.

ही पुस्तकं जरूर वाचा, धाकट्या बहिणींना द्या. सोबत एक प्रश्नही द्या: नायिका गेल्यावर तिचं काम कुणाच्या गळ्यात पडलं? हा प्रश्न जिला पडेल, पुढची गोष्ट तिनेच लिहावी.